खटका बाहेरच्या अंगाला

माझा मोठा भाऊ भिंती सरकवायचा. ‘तुमचे दादा काय करतात?’ असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगायची, आणि समोरचा माणूस हसायचा. पण त्यात थट्टा नव्हती. बंद पडलेले कारखाने, रिकामी गोदामं, कुणालाच नकोशा झालेल्या मोठमोठ्या शेड यांच्या आतली मांडणी करायचा तो. जिथं आज शिलाई मशिनं आहेत तिथं वर्षभरानं छपाई येणार, मग कदाचित कुणी औषधांच्या बाटल्या भरत बसणार. तेव्हा भिंती, दारं, दिवे, नळ असे बसवायचे की एका दिवसात सगळं इकडचं तिकडे करता यावं आणि एक वीटसुद्धा फोडावी लागू नये. या कामाचं रीतसर शिक्षण त्यानं घेतलं होतं, भिंतीवर प्रमाणपत्र होतं. पण सुतार-फिटर मंडळींनी त्याला ‘सरकवे साहेब’ करून टाकलं होतं, जणू आमचं आडनावच ते. नवा वॉचमन तर मलाही सरकवेबाई म्हणायचा.

दादाचा एकच नियम. जमिनीला काही ठोकायचं नाही. टेबल नाही, मशीन नाही, भिंत तर नाहीच नाही. सगळं वरून लटकलं पाहिजे. छताखालच्या लोखंडी तुळयांना रूळ, रुळांत चाकं, चाकांना टांगलेली भिंतीची उंच पॅनेलं. वीज वरून येणार, पाण्याची नळीही वरूनच. खाली फक्त गुळगुळीत, मोकळी फरशी. ती फरशी बघताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मी म्हणायची, “दादा, नाचायचं असेल तर नाच एकदा, मी कुणाला सांगणार नाही.”

हे वेड कुठून आलं ते मला ठाऊक आहे. लहानपणी आम्ही एका खोलीत राहायचो. आईवडील, आजोबा आणि आम्ही दोघं. आईनं खोलीत आडवी दोरी बांधली होती आणि तिच्यावर एक जाड चादर घातली होती. आजोबांना झोपायचं असलं की चादर एकीकडे, वडिलांकडे कुणी आलं की दुसरीकडे, मला कपडे बदलायचे असले की कोपऱ्याभोवती. दादाची परीक्षा असली की आई चादर अशी ओढायची की खिडकीकडचा सगळा भाग त्याचा व्हायचा, आणि आम्ही चौघं उरलेल्या जागेत मांडीला मांडी लावून मूग गिळून बसायचो. आजोबांना खोकला आला तर ते उशीत तोंड खुपसायचे. पुढे दादा मोठमोठ्या लोकांसमोर बोलायचा तेव्हा ही चादर हमखास यायची. भिंतीनं माणसाची गरज ओळखून हललं पाहिजे, असं तो सांगायचा. टाळ्या पडायच्या. ती चादर हलवणारी आमची आई होती, हे मात्र त्याच्या भाषणात कधी आलं नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार.

दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, वेताच्या खुर्च्या विणायची. बसून बसून फाटलेल्या बैठका लोक तिच्याकडे आणायचे. जुना वेत कापून काढायचा, नव्या पट्ट्या टबात भिजवायच्या, लाकडाच्या चौकटीतल्या भोकांतून एकेक पट्टी ओवायची, खुंटी मारून ताण धरायचा, आणि आडवी, उभी, तिरकी अशी जाळी वर चढवत न्यायची. तिची खुर्ची तिच्यावर बसणाऱ्या माणसाच्या आधी मोडणार नाही, असं गिऱ्हाईकं म्हणायची. ती हाडाची कारागीर होती, आणि जिभेची तिखट. दादाला नावं ठेवायला मला दुसऱ्या कुणाची सोबत लागली नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी तिची नजर कडांकडून मिटायला लागली. आधी बाजूचं दिसेना, मग पायाखालचं. शेवटी नळीतून बघावं तसा मधला तुकडा उरला आणि तोही धुरकट. डॉक्टरांनी हात टेकले. तिनं त्यांना एकच विचारलं, “बोटांना काही होणार नाही ना?” डॉक्टर हसले. बोटांचा डोळ्यांशी काय संबंध, म्हणाले. ती घरी येऊन म्हणाली, “चला, निम्म्यावर सुटलो.”

तेव्हापासून दादाच्या घरात कुठलीही वस्तू हलली नाही. कपाचा कान उजवीकडे म्हणजे उजवीकडेच. मी एकदा माझी पिशवी दारात ठेवली तर तो एकदम अंगावर आला. “जगाच्या भिंती हलवतोस आणि माझ्या पिशवीसाठी भांडतोस?” मी म्हटलं. तो म्हणाला, “तिचा पाय अडकेल.” पिशवी उचलून त्यानं स्वतः खुंटीला लावली आणि वर मला चहा केला. माझ्या भावाचं त्या बाईवर फार प्रेम होतं. हे मी आताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वेगळं वाटेल.

त्याच्या आयुष्यातलं मोठं काम म्हणजे जुना दोऱ्याचा कारखाना. मालक म्हातारे, मुलगा नाही, मशिनं भंगारात गेलेली, आणि एका टोकाहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला पोचू नये एवढी शेड. छपरात उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा, त्यामुळे दिवसभर सावली न पाडणारा उजेड. दादानं ती शेड छोट्या कारागिरांसाठी आखली. आखायची त्याची पद्धत अशी, की कागदावरचा नकाशा तो कुणाला दाखवतच नसे. फरशीवर खडूनं खोलीच्या मापाएवढी रेघ ओढायचा आणि म्हणायचा, आणा तुमचं टेबल, आणा तुमची खुर्ची, या आत आणि करा काम. लोक खडूच्या खोलीत उभे राहून खोटा खोटा दरवाजा उघडायचे आणि लाजून हसायचे. पण कोपर कुठं लागतं, माल कुठून येतो, ते पाच मिनिटांत कळायचं. मग तो रेघ पुसायचा, दुसरी ओढायचा.

मला तिथं जागा मिळाली. मी कापडी पिशव्यांवर छपाई करते. माझ्या समोर, पॅसेजच्या पलीकडे, लाकडी खेळणी करणारे एक गृहस्थ आले. आणि त्यांच्या शेजारी, लोखंडी खांबाला लागून, वहिनीची खोली. ती खडूच्या रेघेत आली तेव्हा तिला रेघ दिसतच नव्हती. दादानं तिचा हात धरून तिला कडेकडेनं फिरवलं. दारातून आत, उजवा हात भिंतीला, भिंत धरत सरळ गेलं की टब, टबाच्या पुढे बैठक. भिंती लागल्यावर ती आठवडाभरात त्या खोलीत काठीशिवाय वावरायला लागली, तेही भराभर. एकदा तिनं मला सांगितलं, “अगं, घरातसुद्धा मी आंधळी असते. इथं आत आले की विसरते.”

तेवढ्यासाठी तरी ती खोली टिकायला हवी होती. माझं म्हणणं एवढंच आहे.

भिंतीच्या प्रत्येक पॅनेलला एक खटका होता. खटका दाबला की पॅनेल रुळावर मोकळं, उचलला की घट्ट. हा खटका दादानं पॅसेजच्या बाजूला बसवला, सगळीकडे. दोन खोल्यांमधल्या पॅनेलांचासुद्धा, एक सळई आत नेऊन, पॅसेजच्या टोकाशी. मी बघायला गेले तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारला. माझी हुशारी नव्हे ती. मी एकटी राहणारी बाई, दाराला आतून कडी आहे का हे मी कुठंही आधी बघते.

“आतून खटका का नाही?”

“आत लोक भिंतीला माल टेकवतात गं,” दादा म्हणाला. “खटका मालाखाली गाडला जातो, मग भिंत हलवायची तर सगळं उपसा. पॅसेज कायम मोकळा असतो.”

“आणि बाहेरच्यानंच दाबला तर?”

“छोटी, बाहेरचा म्हणजे कोण? इथं सगळे आपलेच आहेत. विचारल्याशिवाय कोण हात लावेल?”

आणि खरंच, कित्येक वर्षं कुणी लावला नाही. रीत ठरलेली होती. भिंत हलवायची तर दोन्हीकडच्यांनी समोरासमोर उभं राहायचं, खडूनं नवी रेघ ओढायची, दोघांनी आपापलं टेबल त्यात लावून बघायचं, दोघं हो म्हणाले की मगच खटका. शाळा उघडायच्या हंगामात मला पिशव्यांच्या ऑर्डरी यायच्या तेव्हा माझी शेजारीण, चामड्याचं काम करणारी, आपली अर्धी खोली मला द्यायची. हंगाम संपला की मी भिंत परत ढकलायची आणि वर तिच्यासाठी खायला घेऊन जायची. म्हातारे मालक स्वतः यायचे रेघ बघायला. रेघ दुसऱ्या दिवशी झाडलोटीत जायची. दादाला फरशीवर कायमची खूण नको होती. खूण केली की माणूस तिथंच अडकून बसतो, असं त्याला वाटायचं.

मालक गेले आणि कारभार त्यांच्या जावयाकडे आला. आम्ही त्यांना जावईबापूच म्हणायचो, तोंडावर नाही अर्थात. ते आवाज न चढवणारे, दारापर्यंत सोडायला येणारे गृहस्थ होते. शेडचा पुढचा भाग त्यांनी पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीला दिला. मोठे पट्टे बसले, खोकी धावायला लागली. आणि खोक्यांना जागा पुरेना.

एक दिवस दादा हसत माझ्याकडे आला. “जावईबापू काय म्हणाले माहितीय? साहेब, तुमची इमारत म्हणजे सोनं आहे. दुसरीकडं भिंत पाडायला घेतली की महिना जातो, लोक वकील आणतात. इथं चहा गार व्हायच्या आत काम होतं.”

तो खूश होता. “दादा, हे कौतुक नाहीये,” मी म्हटलं. त्यानं माझं बोलणं हसण्यावारी नेलं.

मग सुट्टीच्या दिवशी भिंती हलायला लागल्या. सोमवारी यावं तर खोली जराशी आखडलेली. खेळणीवाल्यांचं कपाट दारात आलेलं. तक्रार करायला जावं तर जावईबापूंचा मॅनेजर नम्रपणे विचारायचा, “भिंत आधी कुठं होती, दाखवता का?” दाखवायचं काय? फरशी कोरी करकरीत. माझी शेजारीण खोली सोडून गेली. मग खेळणीवालेही गेले, कारण त्यांचं रंधायचं यंत्र उरलेल्या जागेत फिरेना. जाताना त्यांनी दादाला नमस्कार केला आणि म्हणाले, “साहेब, काम मात्र फार सुबक केलंत.” त्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं.

एका सकाळी वहिनी आपल्या दारात थबकली. “भिंत सरकलीय,” ती म्हणाली.

मी बघितलं, मला काही दिसेना. दादाही म्हणाला, “नाही गं, तुला वाटतंय.” तिनं वाद घातला नाही. ती आत गेली, परत आली, पुन्हा गेली. “अहो, टेप लावा.” दादानं खांबापासून टेप लावला. तळहाताएवढी भिंत आत आली होती. त्याचं तोंड असं उतरलं की मला बघवेना. त्यानं स्वतः खटका दाबला, भिंत मागे ढकलली, पुन्हा खटका उचलला आणि तडक जावईबापूंकडे गेला.

परत आला तो चहा पिऊन. “पार्सलच्या पोरांची चूक झाली म्हणाले. माफी मागितली त्यांनी. तुझी खोली कमी करणार नाही, शब्द दिलाय मला.”

“शब्द?” माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “दादा, शब्द काय चाटायचाय? जमिनीत बोल्ट ठोक. या चारही पॅनेलांना खाली पकड दे आणि मोकळा हो.”

वहिनी खाली बसून पट्टी ओवत होती. ती म्हणाली, “हे म्हणतायत ना नाही हलणार, मग नाही हलणार.”

तरी त्यानं बोल्ट आणले. ड्रिल आणलं. मी समोरच्या खोलीतून बघत होते. तो गुडघ्यांवर बसला, ड्रिलचं टोक फरशीला लावलं आणि तसाच बसून राहिला. मग उठला. “आज नको. तिचा वेत भिजत पडलाय, धूळ बसेल.” पुढच्या आठवड्यात म्हणाला, फरशीखालून जुन्या वाफेच्या नळ्या गेल्यात, आधी बघायला पाहिजे. नंतर एकदा मी फारच लावून धरलं तेव्हा खरं बोलला. “एकदा भोक पडलं ना छोटी, की संपलं. मग ही इतर चार शेडसारखीच एक शेड. मग मी आयुष्यभर काय केलं?”

बोल्ट कागदात गुंडाळून वहिनीच्या खोलीतल्या फळीवर पडून राहिले. त्या पुडीवर धूळ बसली. एवढा शिकलेला, एवढा प्रेमळ माणूस, आणि त्याला बायकोसाठी जमिनीत चार भोकं पाडवेनात. कुणी म्हणेल, घरची माणसं त्याला बोलली कशी नाहीत. मी बोलले. घसा कोरडा होईपर्यंत बोलले. पण ड्रिल त्याच्या हातात होतं, आणि तो रोज उद्या म्हणत होता.

त्या सोमवारी मी माझं शटर वर करत होते. दादा फाटकाशी वॉचमनशी बोलत थांबला होता, वहिनी पुढे आली. मला हाक मारली, “आज तरी लवकर आलीस गं बाई,” आणि नेहमीसारखी झपाझप आपल्या दारातून आत गेली.

आवाज आला तो खुर्च्या कोसळल्याचा.

काय झालं होतं ते सांगते. जावईबापूंनी शब्द पाळला होता. खोली एका बोटानंही कमी केली नव्हती. खेळणीवाल्यांची जागा रिकामी झाली होती, म्हणून त्यांनी वहिनीची डावी भिंत आत घेतली आणि उजवी तेवढीच पलीकडे सरकवली. पार्सलवाल्यांना त्यांची जागा मिळाली, खोलीचं माप जिथल्या तिथं राहिलं. फक्त खोली जागची हलली. दार पूर्वीच्याच ठिकाणी होतं. वहिनी आत शिरली, उजवा हात भिंतीला टेकायला टाकला, आणि भिंत तिथं नव्हती. पोरांनी खुर्च्या उचलून तिच्या वाटेत रचून ठेवल्या होत्या. सगळा भार घेऊन ती त्यांच्यावर पडली. उजवं मनगट दोन चौकटींच्या मध्ये, आणि वर ती.

इस्पितळात जावईबापू फळं घेऊन आले. खुर्चीच्या टोकावर बसून हळू आवाजात म्हणाले, “खोली इंचभरही कमी केली नाहीये हो, हवं तर मोजून घ्या.” बोलणं दादाच्याच, मापांच्या भाषेतलं होतं. मी मात्र त्यांना फळांसकट बाहेर काढलं.

हाड जुळलं. पण आतली शीर चेंगरली होती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेल्यासारखी झाली. ती हलत होती, पण त्यांना काही कळत नव्हतं. प्लास्टर निघाल्यावर तिनं घरी वेताची एक पट्टी मागितली. वेताच्या पट्टीची एक बाजू गुळगुळीत असते, ती वर यावी लागते, दुसरी खरखरीत. तिनं ती पट्टी चिमटीत धरून किती वेळ फिरवली. मग गालाला लावून बघितली. मग दादाकडे धरली. “अहो, साल वर आहे की खाली?”

दादा म्हणाला, “वर.”

“बरं,” ती म्हणाली आणि पट्टी मांडीवर ठेवली. पुन्हा कधी तिनं वेत मागितला नाही.

त्यानंतर दादानं ते केलं. शेडमध्ये गेला, सगळ्यांसमोर ड्रिल चालवलं, वहिनीच्या भिंती जुन्या जागी आणून बोल्ट मारले. काही भोकं वाकडी गेली. घरी येऊन त्यानं तिला सांगितलं, “ठोकून टाकली भिंत. आता कुणाचा बाप हलवू शकत नाही.” ती हसली. “हात बरा झाला की जाते मग,” म्हणाली. हात बरा होणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पुढच्याच महिन्यात कंपनीच्या माणसांनी बोल्ट कापले. नुसते तेवढेच नाही, त्या बाजूच्या सगळ्या भिंती रुळावरून ढकलत नेऊन टोकाला गठ्ठा करून उभ्या केल्या आणि खटके काढून टाकले, पार्सलं अडतात म्हणून. आता तिथं मोकळं, लांबरुंद गोदाम आहे. मी अजून पॅसेजच्या या बाजूला आहे, दोन टेबलं मावतील एवढ्या जागेत. रोज ते बघते. दादानं हे वहिनीला सांगितलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही. दोनचार दिवसांनी ती विचारायचीच, “माझी खोली आहे ना?” तो म्हणायचा, “आहे.” ती म्हणायची, “मग बरंय.” एवढ्यावर तिचा दिवस जायचा.

दादाकडे कामं मात्र येत राहिली. दुसऱ्या शेडवाल्यांचे फोन यायचे आणि काहीजण मुद्दाम सांगायचे, आम्हाला तसंच पाहिजे, खटका बाहेरच्या अंगाला असलेलं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्यानं फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकला. नंतर तो फोन उचलेनासा झाला. दिवसदिवस वहिनीच्या शेजारी बसून राहायचा. तिच्या मेलेल्या बोटांना तेल लावायचा. मी समजूत घालायला जायची आणि भांडून परत यायची, कारण मला त्याची कीवही यायची आणि रागही, आणि दोन्हीला घरात जागा नव्हती.

मग एके दिवशी ती म्हणाली, “अहो, मला एकदा खोलीत नेऊन आणा. काम नको. नुसती उभी राहते.”

दादानं पाऊस, पाय, ताप, सगळी कारणं सांगून बघितली. ती रोज तेच म्हणत राहिली. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं गेलो. वॉचमननं फाटक उघडलं आणि मान खाली घातली. पट्टे बंद होते. पॅसेजच्या तोंडाशी दादा म्हणाला, “तुम्ही सावकाश या. मी पुढं होऊन दिवा लावतो.” उजेड तर छपरातून धो धो येत होता. मी वहिनीचा डावा हात धरून चालवत होते. आत शिरल्यावर आमच्या चपलांचा आवाज किती तरी लांब जाऊन परत येत होता. ती मुद्दाम हळू चालतेय असं मला वाटलं.

मला वाटलं होतं, दादा काही तरी सबब सांगून तिला माझ्या खोलीत नेईल. पण समोर बघितलं तर त्या एवढ्या मोकळ्या गोदामात, लोखंडी खांबाच्या शेजारी, जिथं वहिनीची उजवी भिंत असायची तिथं एकच पॅनेल उभं होतं. रूळ अजून वर होते. टोकाच्या गठ्ठ्यातून एक पॅनेल त्यानं ढकलत आणलं होतं. पण खटका नव्हता, आणि खटक्याशिवाय ते पॅनेल नुसतं टांगलेलं, हात लावला की झुलणार. पॅनेलखालच्या फटीतून मला पलीकडे त्याच्या चपला दिसल्या. तो पलीकडून खांदा लावून उभा होता.

मी तिला दारापाशी आणलं. म्हणजे जिथं दार होतं तिथं. तिनं माझा हात सोडला. एक पाऊल आत टाकलं आणि उजवा हात पुढे केला. तळवा भिंतीला टेकला. भिंत जराशी मागे गेली आणि परत आली, आणि मग घट्ट झाली. पलीकडे दादाचा श्वास लागला होता, तो मला इथपर्यंत ऐकू येत होता.

“आहे की,” ती मोठ्यानं म्हणाली. “जिथल्या तिथं आहे.”

मग तोंड माझ्याकडे वळवून, अगदी हळू म्हणाली, “त्यांना सांग, सोडा म्हणावं आता. खांदा भरून येईल त्यांचा.”